कारखान्यात नव्याने लागताय? काम कसं शिकायचं, मोबाइलवरून काय घ्यायचं आणि कागदावर काय आणायचं

हा लेख कुणासाठी आहे ते आधी सांगतो. दहावी-बारावी, आयटीआय किंवा डिप्लोमा करून तुम्ही जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात पहिल्यांदाच लागत असाल, तर हा तुमच्यासाठी. लागून दोन-चार महिने झाले असतील आणि ‘इथे कुणी काही शिकवतच नाही’ असं वाटत असेल, तर मग नक्कीच वाचा.

मी फिटर ट्रेडचा. आयटीआय झाल्यावर जळगावच्या एमआयडीसीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो, पुढे पीव्हीसी पाइपच्या लाइनवर ऑपरेटर झालो. आता माझ्या पाळीत येणाऱ्या नव्या पोरापोरींना लाइनची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे उदाहरणं पाइपचीच जास्त येतील. पण डाळ मिल असो, चटईचा कारखाना असो, सूतगिरणी असो की गॅरेज, शिकण्याची रीत फारशी बदलत नाही.

माझं मुख्य सांगणं एवढंच आहे, की प्रश्न कामावर सापडतो, त्याचं उत्तर मोबाइलवर मिळू शकतं, आणि ते उत्तर खरं की खोटं हे पुन्हा कामावरच कळतं. हा क्रम ज्यांनी पाळला ती पोरं वर्षभरात मशीन सांभाळायला लागलेली मी बघितली आहेत. ज्यांनी आधी ढीगभर व्हिडिओ बघितले आणि मग मशीनपाशी आली, त्यांना पहिला आवाज वेगळा आला की काही सुचत नाही.

१. तुम्ही कोणत्या नात्याने आत जाताय ते पक्कं करा

गेटमधून आत जाणाऱ्या सगळ्यांच्या अंगावर एकच युनिफॉर्म दिसतो, पण कागदावर प्रत्येकाचं नातं वेगळं असतं. शिकायला काय मिळेल आणि शेवटी हातात काय पडेल, हे त्या नात्यावर ठरतं. म्हणून रुजू व्हायच्या आधी विचारा.

*शिकाऊ उमेदवार.* हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतो. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. त्यामुळे ‘आम्ही अप्रेंटिस घेत नाही’ असं मोठ्या कारखान्याच्या गेटवर ऐकलं, तरी एचआरला भेटल्याशिवाय परत फिरू नका. शिकाऊ उमेदवाराला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणाप्रमाणे किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं होतं. करार करताना चालू दर अप्रेंटिसशिप पोर्टलवर बघून घ्या. शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय योजनेत केंद्र सरकार त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट तुमच्या खात्यात टाकतं. उरलेली रक्कम कंपनी देते.

कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. म्हणून त्याचा पीएफ कापला जात नाही. पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (हा सरकारी अधिकारी असतो) मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. ही दोन वाक्यं पाठ करून ठेवा.

*डिप्लोमा किंवा डिग्रीवाले.* यांच्यासाठी नॅट्स नावाची वेगळी योजना आणि वेगळं पोर्टल आहे. मुदत साधारण एक वर्ष.

*कार्यप्रशिक्षणार्थी.* राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये महिना, सरकारकडून थेट खात्यात. अनुभवासाठी बरी आहे. पण तिच्या शेवटी ट्रेडची परीक्षा नसते, अनुभवाचा दाखला असतो. आयटीआय झालेल्याने शक्यतो आधी शिकाऊ उमेदवारी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

*ठेकेदाराचा माणूस.* आपल्याकडे बहुतेक हेल्पर याच वाटेने आत येतात. इथे कंपनीचं नाव गेटवर असतं, पण मालक ठेकेदार. त्याचं नाव, पीएफचा यूएएन नंबर आणि पगाराची चिठ्ठी पहिल्या महिन्यातच मागून घ्या. पुढे अनुभव दाखवायची वेळ आली की हेच कागद कामी येतात.

भुसावळकडच्या आयटीआयवाल्यांनी मध्य रेल्वेच्या शिकाऊ भरतीवर लक्ष ठेवावं. त्यात भुसावळचा स्वतंत्र गट असतो. निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते, परीक्षा नसते. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, त्यामुळे ही वाट सोडू नये.

२. कागदपत्रं: एकदाच नीट जमवा

- आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर जोडलेलं
- दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला
- आयटीआयच्या गुणपत्रिका आणि ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- स्वतःचा ईमेल, ज्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे
- असल्यास जातीचा दाखला, पॅन कार्ड
- अठरा वर्षांखालील असाल तर पालकांची सही लागेल, त्यांचं आधार

यादी सोपी आहे. अडतं ते दोन ठिकाणी.

पहिलं, नावाचा क्रम. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं आणि आधारवर स्वतःचं नाव आधी. त्यात आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं, नाहीतर आडनावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं. पोर्टल आधारवरचंच नाव उचलतं आणि मग प्रमाणपत्रही त्याच नावाने निघतं. करार होण्याआधी आधार केंद्रावर जाऊन आधार दुरुस्त करून घ्या. प्रमाणपत्र निघाल्यावरची दुरुस्ती फार रखडते.

दुसरं, बँक खातं. ‘माझं खातं आधारला लिंक आहे’ एवढ्यावर भागत नाही. सरकारी पैसे थेट येण्यासाठी खातं डीबीटीसाठी जोडलेलं लागतं आणि एका वेळी एकच खातं तसं जोडलेलं असतं. शिष्यवृत्तीसाठी कधी एक खातं काढलेलं, मग मोबाइलवरून दुसरं उघडलेलं, असं बऱ्याच जणांचं असतं. पैसे त्या शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात आणि पोरगं इकडे दुसरं पासबुक घेऊन एटीएमच्या रांगेत उभं राहतं. बँकेत जाऊन नेमकं हेच विचारा: ‘डीबीटीसाठी माझं कोणतं खातं जोडलेलं आहे?’

सगळ्या कागदांचे स्कॅन डिजिलॉकरमध्ये आणि ईमेलवर ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका.

३. पहिले काही आठवडे: लाइन पायी चाला

आमच्याकडे एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पारोळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. नवा माणूस आला की त्यांचं एकच सांगणं असतं, ‘‘पहिले देख, मंग हात लाव.’’ मला यापेक्षा चांगली सूचना माहीत नाही.

बघायचं म्हणजे काय? लाइनच्या एका टोकाला उभं राहायचं आणि माल जसा जातो तसं त्याच्याबरोबर दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. पाइपच्या प्लांटमध्ये सुरुवात मिक्सरपासून होते. पीव्हीसी पावडर, कॅल्शियम, स्टॅबिलायझर, वॅक्स, रंग हे हाय स्पीड मिक्सरमध्ये पडतं. पाती फिरून फिरून माल आपोआप तापतो, मग कूलरमध्ये थंड होतो. तिथून हॉपर, म्हणजे माल ओतायचं नरसाळं. हॉपरमधून बॅरल, आत स्क्रू, बाहेर हीटरचे झोन; या मशीनला एक्स्ट्रूडर म्हणतात. बॅरलच्या तोंडाला डाय, म्हणजे पाइपला आकार देणारा साचा. डायमधून निघालेला मऊ पाइप व्हॅक्यूम टँकमध्ये आकार धरतो, पाण्याच्या टाकीत गार होतो, हॉल-ऑफ त्याला ओढतं, कटर कापतो, शेवटी सॉकेटिंग, म्हणजे जोडासाठी पाइपचं टोक फुगवणं.

ही लाइन स्वतःच्या हाताने वहीत काढा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. प्रत्येक टप्प्याखाली तीन गोष्टी लिहा: इथे आत काय जातं, बाहेर काय पडतं, आणि बिघडलं तर आधी काय दिसतं. तिसरा रकाना महिनाभर रिकामा राहिला तरी काळजी करू नका, तो हळूहळू भरतो. डाळ मिलमध्ये असाल तर चाळणीपासून पॉलिशपर्यंत असंच करा.

पहिल्या आठवड्यात आणखी एक काम: इमर्जन्सी स्टॉपची लाल बटणं कुठे कुठे आहेत, ती डोळे मिटून सांगता आली पाहिजेत. मशीनचं नाव-गाव नंतर कळलं तरी चालतं.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि एक्स्ट्रूडरच्या शेडमध्ये हीटर वेगळे. नवीन पोरं लाजेपोटी पाणी प्यायला जात नाहीत. जा. चक्कर येऊन हॉल-ऑफवर हात टेकला तर काय होईल, याचा विचार करा.

४. वही ठेवा, आणि ती कशी ठेवायची ते बघा

शिकण्याची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे खिशात मावेल अशी वही. मोबाइलमध्ये टिपणं ठेवू नका. बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल चालत नाही, आणि ग्रीसच्या हाताने लिहिताही येत नाही.

‘आज डाय सेटिंग बघितली’ असं लिहून काही हाती लागत नाही. एका चांगल्या नोंदीचा नमुना देतो:

‘११० एमएम. पाइप एका बाजूला जाड येत होता. कटरपाशी तुकडा कापून चार जागी मोजला. वर ३.६, खाली ३.१, डावी ३.३, उजवी ३.४. आप्पांनी आधी डायचा खालचा बोल्ट थोडा सैल केला, मग वरचा आवळला. पाव आट्यापेक्षा कमी. लगेच मोजलं नाही. थोडं थांबले, मग तुकडा कापला. वर ३.४, खाली ३.३. प्रश्न: थांबले का?’

या नोंदीत आकडे आहेत, क्रम आहे, आणि शेवटी एक प्रश्न आहे. उत्तर साधं आहे: बोल्ट फिरवला डायपाशी, आणि आपण मोजतो कटरपाशी. मधल्या टाक्यांत जेवढा पाइप आधीच आहे तो सगळा पुढे गेल्याशिवाय फिरवलेल्या बोल्टचा परिणाम दिसणारच नाही. घाई करून लगेच मोजलं तर जुनाच पाइप हातात येतो, माणूस पुन्हा बोल्ट आवळतो आणि पाइप दुसऱ्या बाजूला पळतो. सैल आधी आणि आवळणं नंतर का, हा पुढचा प्रश्न. समोरचा बोल्ट घट्ट असताना इकडून आवळलं तर डाय सरकायला जागाच नसते, ताण सगळा बोल्टवर येतो.

हे एका नोंदीतून एवढं निघालं. रोज एक अशी नोंद लिहा, जास्त नको.

५. विचारायचं कसं

जुनी माणसं शिकवत नाहीत, ही तक्रार मी कायम ऐकतो. काही जण खरंच हातचं राखून असतात. आपली किंमत कमी होईल अशी भीती असते आणि ठेक्यावरच्या माणसाला ती असणं चूक नाही. पण बहुतेकांना शिकवता येत नाही, एवढंच. हाताला सगळं येतं, पण तोंडाने सांगायची वेळ आली की ‘बस, असं करायचं’ यापुढे जात नाही. ते बाहेर काढणं शिकणाऱ्याचं काम आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नव्या माणसांची मोठी भरती झाली, तेव्हा त्यांना भराभर तयार करण्यासाठी मुकादमांना चार पायऱ्यांची रीत शिकवली गेली: शिकणाऱ्याची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. पुढे जपानी कारखान्यांनी ती उचलली. तुमच्या उस्तादांना ही रीत कुणी सांगितलेली नसेल, पण तुम्ही प्रश्न विचारून त्यांच्याकडून ती करून घेऊ शकता:

तयारी: ‘‘भाऊ, उद्या डाय बदलायची आहे ना, मी जवळ थांबू का?’’ आदल्या दिवशीच विचारायचं.

दाखवणं: काम चालू असताना गप्प राहा. मशीन अडलेलं असताना ‘हे काय, ते काय’ विचारलं की कुणीही चिडतं. चहाच्या सुट्टीत, वही उघडून, एकच प्रश्न.

करून घेणं: आधी तोंडाने सांगा. ‘‘म्हणजे आधी खालचा सैल, मग वरचा, मग थांबायचं, बरोबर ना आप्पा?’’ ते मान डोलावतील किंवा दुरुस्त करतील. मगच पाना हातात घ्या, तेही ते शेजारी असताना.

लक्ष: चार दिवसांनी स्वतः जाऊन सांगा, ‘‘काल मी एकट्याने केलं, एकदा बघा ना.’’ ही पायरी सगळे विसरतात.

पाळी बदलताना दहा मिनिटं लवकर या. आधीच्या पाळीचा ऑपरेटर पुढच्याला काय सांगतो, ते ऐका: ‘तिसऱ्या झोनचा हीटर वरखाली होतोय, लक्ष ठेव.’ मी जेवढं या दहा मिनिटांत शिकलो तेवढं दुसरीकडे कुठे शिकलो नाही.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगतो. तुम्हाला पॅकिंग किंवा तपासणीवरच ठेवण्याकडे कल असतो. तपासणी कमी नाही. पाइपची प्रत्येक खोड तिथेच दिसते. खराब तुकडा दिसला की तो लाइनवर कुठे खराब झाला, हे शोधत मागे जा. आमच्याकडे तपासणीवर लागलेल्या एका ताईला आज डायची गडबड आमच्याआधी ओळखता येते.

६. मोबाइलवरून काय घ्यायचं

एचआरच्या भाषणात ७०-२०-१० असं ऐकायला मिळेल: सत्तर टक्के कामातून, वीस टक्के माणसांकडून, दहा टक्के कोर्समधून. ते मोजून काढलेलं गणित समजू नका. पण दिशा माझ्या अनुभवाशी जुळते. मोबाइल हा शेवटचा दहाचा भाग, आणि तो नीट वापरला तर बाकीच्या नव्वदला धार येते.

*भारत स्किल्स.* केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं मोफत पोर्टल. आयटीआयच्या ट्रेडचे अभ्यासक्रम, प्रश्नसंच, व्हिडिओ. शिकाऊ उमेदवारीच्या शेवटच्या परीक्षेसाठी इथूनच सुरुवात करा, खाजगी गाइड नंतर.

*स्पोकन ट्युटोरियल.* आयआयटी मुंबईचा उपक्रम. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतही. लिब्रेऑफिस कॅल्कमधून स्प्रेडशीट शिका. प्रॉडक्शनचा तक्ता ज्याला भरता येतो त्याला सुपरवायझर आपोआप जवळ बोलावतो. धडा बघत बघत शेजारी तेच करत जायचं, ही यांची पद्धत. नुसतं बघितलं तर उपयोग नाही.

*स्वयम् आणि एनपीटीईएल.* डिप्लोमावाल्यांसाठी. शिकणं मोफत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर फी. एका वेळी एकच कोर्स घ्या. असे कोर्स घेणारे बहुतेक जण मध्येच सोडतात, हे जगभरचं चित्र आहे.

*स्किल इंडिया डिजिटल हब.* २०२३ पासून सुरू. कोर्स, केंद्रं आणि शिकाऊ उमेदवारीची माहिती एका ठिकाणी.

*भारतीय मानक ब्यूरो.* हे फार कमी जणांना माहीत आहे. ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की आयएस मानकं, म्हणजे माल कसा असावा ते ठरवणारे कागद, मोफत उतरवून घेता येतात. पाण्याच्या पीव्हीसी पाइपसाठी आयएस ४९८५, एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकच्या पाइपसाठी आयएस ४९८४, ठिबकच्या नळीसाठी आयएस १२७८६. इंग्रजी जड आहे, पण जाडीचा तक्ता समजायला इंग्रजी लागत नाही. पाइपवर छापलेला आकडा कुठून आला ते तिथे दिसतं.

*मशीनचं मॅन्युअल.* हे बहुधा मेंटेनन्सच्या कपाटात धूळ खात असतं. विचारून चार पानांचे फोटो काढायची परवानगी घ्या: पॅनेलवरचे अलार्म, ग्रीसिंगचा तक्ता.

*यूट्यूब.* एक्स्ट्रूडरवर हिंदी आणि गुजराती व्हिडिओ भरपूर सापडतात, कारण अशी पुष्कळ मशीनं गुजरातेत बनतात. बघा, पण पुढचा मुद्दा वाचून.

वापरायची रीत: वहीतला आजचा एक प्रश्न घ्या. रात्री वीस मिनिटं त्याच्यावर घालवा. जे उत्तर मिळालं ते त्याच पानावर दुसऱ्या शाईने लिहा. उद्या आप्पांना विचारा, ‘‘असं असतं का?’’ त्यांनी होकार दिला तर बरोबरची खूण. नाही म्हणाले तर का, ते लिहा. दोन शाईंचं ते पान कुठल्याही कोर्सच्या नोट्सपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं.

७. व्हिडिओतलं मशीनवर आणताना

इथे खरंच जपा. यात जीव आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतात.

व्हिडिओतलं तापमान आपल्या पॅनेलवर टाकू नका. एचडीपीईची लाइन ज्या तापमानाला मजेत चालते, त्या तापमानाला पीव्हीसी जळू शकतो. आणि पीव्हीसी जळाला की नुसता काळा पडत नाही, हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतो. नाकाला झोंबणारा वास आला, डोळे चुरचुरले, की बाजूला व्हा आणि ऑपरेटरला हाक मारा. त्यातच लाइट गेली आणि बॅरलमध्ये माल तसाच राहिला तर धोका वाढतो. आपल्याकडे लाइट जाते, म्हणून लाइट गेल्यावर कुणी काय करायचं हे तुमच्या प्लांटमध्ये ठरलेलं असतं. ते पहिल्या महिन्यात विचारून लिहून ठेवा.

डाय साफ करताना व्हिडिओत कुणी स्क्रू ड्रायव्हरने खरवडताना दिसेल. तुम्ही पितळ किंवा तांब्याचंच हत्यार वापरा. लोखंडाचा एक ओरखडा डायवर पडला की तो प्रत्येक पाइपवर रेघ होऊन उमटतो.

गार्ड काढून चालू मशीनवर काम करणारे व्हिडिओही पुष्कळ आहेत, लाखो लोकांनी बघितलेले. स्क्रॅपच्या ग्राइंडरमध्ये अडकलेला तुकडा हाताने ओढायचा नाही. मेन बंद, त्यावर कुलूप आणि टॅग, आणि किल्ली तुमच्या खिशात. कुणी हसलं तरी चालेल.

८. तीन-चार जणांचा गट करा

एकाच बसने किंवा भुसावळ-जळगाव अपडाउन करणारे तीन-चार जण असाल तर तो आयता वर्ग आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने आपल्या वहीतली एक नोंद सांगायची. चटईवाला आणि पाइपवाला एकत्र बसले तरी चालतं. बेअरिंगचा आवाज दोन्हीकडे सारखाच.

व्हॉट्सअ‍ॅपवर गट केलात तर दोन नियम: कंपनीच्या मशीनचे, ड्रॉइंगचे, मालाच्या फॉर्म्युल्याचे फोटो टाकायचे नाहीत, आणि सुपरवायझरबद्दल एक शब्द नाही. दोन्हींमुळे पोरांची कामं गेलेली आहेत.

९. शिकलेलं कागदावर आणा

हाताला काम येतं पण कागद नाही, म्हणून दहा-दहा वर्षं हेल्परच राहिलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण वेळीच विचारलं तर मार्ग असतात.

शिकाऊ उमेदवार असाल तर करार पोर्टलवर नोंदला गेला का ते पहिल्याच महिन्यात बघा. नोंदणी क्रमांक नसेल तर शेवटी परीक्षाही नाही. ठरलेल्या ट्रेडसाठी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र म्हणजे एनएसी मिळतं. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर एनएसी जोडलं की पुष्कळ सरकारी आणि मोठ्या खाजगी भरतींची दारं उघडतात.

आयटीआय नाही, पण वर्षानुवर्षं काम केलं आहे, अशांसाठी पूर्वज्ञानाला मान्यता देणारा आरपीएल हा मार्ग आहे. त्यात थोडं मार्गदर्शन, मग तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा, मग प्रमाणपत्र. बॅच कायम चालू नसतात. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात नाव देऊन ठेवा. घरातल्या मोठ्यांनाही सांगा. काका-मामांपैकी कुणीतरी पात्र असेलच.

शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी चालू आहे. पाळी सांभाळून पदवी करता येते.

आणि नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला घ्या. त्यावर नुसतं ‘काम केले’ नको; मशीन, पद आणि कालावधी लिहून घ्या.

१०. हे सापळे ओळखा

- शिकाऊ उमेदवारी लावून देण्यासाठी किंवा करारासाठी कुणी पैसे मागितले तर तो दलाल आहे. उमेदवाराकडून यासाठी फी घेतली जात नाही; रेल्वेसारख्या भरतीच्या अर्जाची फी वेगळी.
- ‘सरकारमान्य’ म्हणवणारा, घरबसल्या आठ दिवसांत प्रमाणपत्र देणारा कोर्स. कंपनीचा एचआर तो कागद बाजूला ठेवतो.
- सरकारी पोर्टलसारखं दिसणारं दुसरंच संकेतस्थळ. पत्त्याच्या शेवटी gov.in ही सरकारी खूण आहे का बघा. शंका आली तर आयटीआयच्या सरांना विचारा.
- ‘विद्यावेतन जमा करायचंय, ओटीपी सांगा’ असा फोन. ठेवून द्या.
- कोऱ्या कागदावर सही, किंवा मूळ दाखले जमा ठेवून घेणं.
- दर महिन्याला हजेरी तुम्ही बघितली नाही तर कमी भरली गेल्याचं शेवटी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

११. आणि काहीच शिकवत नसतील तर

शिकाऊ म्हणून घेतलं आणि सहा महिने झाडू नाहीतर लोडिंगच, असं घडतं. थोडी साफसफाई प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि ती करावी. मशीन पुसताना गळती दिसते, सैल नट दिसतो. पण तेवढंच असेल तर गप्प बसू नका.

आधी सुपरवायझरला तोंडी सांगा, वही दाखवून: ‘‘साहेब, एवढं बघून झालं, आता अमुक मशीनवर बसवाल का?’’ वही बघून मन वळलेले सुपरवायझर मी बघितले आहेत. काही झालं नाही तर एचआरला अर्ज द्या. त्यात रुजू झाल्याची तारीख, कराराचा क्रमांक, ट्रेड आणि आजवर दिलेली कामं लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तरीही फरक नाही, तर ती पोच घेऊन तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी आयटीआयमध्ये जा आणि शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या विभागात भेटा. एकटं जायला संकोच वाटत असेल तर गटातल्या एकाला बरोबर घ्या, आणि वही न्यायला विसरू नका.